भिंतीलगतचा हातभर पट्टा

कामाच्या आठवणी लिहाव्यात त्या आयुष्यभर एक काम करून मोकळं झालेल्या माणसांनी. माझं वय एकवीस. ज्या कामाबद्दल लिहितो आहे ते मी फक्त रविवारी आणि सुट्ट्यांमध्ये केलं, तेही जेमतेम तीन वर्षं. आमच्या मराठीच्या मॅडमनी दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, माझ्याऐवजी हनीफचाचांना विचारा, मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. मॅडमनी विचारलं, ते लिहितील का? चाचा सहीसुद्धा दुसरीकडे बघत करतात. त्यामुळे हे माझ्याकडे आलं. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. छापायचं काही लिहिलं तर आधी कुणाला दाखवून घ्यावं, हेही माहीत नाही. जाणत्यांनी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

माझं गाव साक्री तालुक्यात, कॉलेज धुळ्याला. पहिल्या वर्षी ज्या गल्लीत खोली मिळाली तिथे समोरच हनीफचाचा राहत होते. त्यांचं काम म्हणजे सिमेंटच्या कोब्यावर इपॉक्सी रंग देणं. पूर्वी ते कारखान्यांमध्ये हे काम करायचे. आता धुळ्या-जळगावात नवीन बंगले होतात, खाली गाडीला जागा ठेवतात, आणि तिथेही लोकांना शोरूमसारखी जमीन हवी असते. आमच्याकडे गॅरेज म्हटलं की मेकॅनिक आठवतो, म्हणून घरातल्या त्या जागेला लोक पार्किंगच म्हणतात. मीही तसंच लिहितो.

हा रंग साध्या रंगासारखा वाळत नाही, जमतो. दोन डबे असतात. एकात रंग, दुसऱ्यात त्याला जमवणारं औषध, म्हणजे हार्डनर. दुधाला विरजण लावावं तसं पहिल्यात दुसरं मिसळायचं. फरक इतकाच, की दही सावकाश लागतं आणि इथे ढवळल्याबरोबर घड्याळ सुरू होतं. थंडीत अर्धा-पाऊण तास हातात असतो. एप्रिल-मेमध्ये आमच्या उन्हात त्याच्या निम्माही मिळत नाही. म्हणून उन्हाळ्यात आम्ही उजाडता उजाडता कामाला लागायचो आणि नऊच्या सुमारास रोलर धुवायला घ्यायचो.

पहिल्याच उन्हाळ्यात मी मिसळलेली बादली तशीच ठेवून शेजारच्या घरी पाणी प्यायला गेलो. त्या घरच्या मावशींनी गाव कोणतं, आडनाव काय, बहिणी किती असं विचारलं. कुणी आपुलकीने विचारलं की मला मध्येच उठता येत नाही. परत आलो तर बादलीतून धूर निघत होता. ढीग करून ठेवला की हा रंग स्वतःच्याच उष्णतेने तापतो आणि पटकन दगड होतो. केमिस्ट्रीच्या पुस्तकात हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. चाचा बादलीकडे बघत म्हणाले, "पाणी प्यायला गेला होतास की सोयरीक जमवायला?" ती बादली त्यांनी फेकली नाही. उलटी करून दाराशी ठेवली आहे, चाची तिच्यावर बसून भाजी निवडतात.

खरं काम रंगाच्या आधीचं. कोब्याच्या वरचा गुळगुळीत थर मशीनने घासून काढायचा, भेगा भरायच्या, तेलाचे डाग उकरायचे, धूळ ओढून घ्यायची. प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या खाली घाम दिसला तर जमिनीत ओल आहे, म्हणजे थांबायचं. हे सगळं दोन-तीन दिवस चालतं, आणि मालकाला वाटतं की पोरं नुसती धूळ उडवताहेत. रंग एका सकाळी होतो आणि तेवढाच लोक बघतात. नंतर एक दिवस पाऊल टाकायचं नाही, सात दिवस गाडी आणायची नाही. हे सात दिवस पाळणारा मालक मी अजून पाहिलेला नाही.

जमिनीवर कोण काय करतं हेही कळत जातं. धुळ्यात कापडाचे एक मारवाडी व्यापारी आहेत, जैन. त्यांच्या पार्किंगमध्ये कोब्याच्या भेगेतून काळ्या मुंग्यांची रांग चालली होती. आम्ही मशीन लावणार तेवढ्यात शेठ स्वतः चपला बाहेर काढून आत आले आणि म्हणाले, आधी यांची सोय करा. चाचांनी विचारलं, कशी? शेठनी घरातून साखर मागवली, भेगेपासून बाहेरच्या कुंडीपर्यंत चिमूट चिमूट टाकली, आणि आम्ही तिघं पायरीवर बसून राहिलो. दुपारपर्यंत रांग कुंडीकडे वळली. शेठनी त्या दिवसाची मजुरी आपणहून हिशेबात धरली. त्यानंतर कुठल्याही घरी भेग भरायच्या आधी चाचा वाकून पाहतात. मीही पाहतो.

चाचांची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. काम संपलं, रंग जमला, की ते मालकाला दारात उभं करतात, वरची ट्यूबलाइट लावतात आणि म्हणतात, "बघा, तोंड दिसतं का." जमिनीत ट्यूबलाइटची रेघ सरळ, न थरथरता दिसली पाहिजे. याला ते आरसा म्हणतात. आरसा नीट आला नाही तर स्वतःहून पुन्हा हात मारतात. त्यांच्या मोबाइलमध्ये नातवंडांचे फोटो कमी आणि जमिनीतल्या ट्यूबलाइटचे जास्त आहेत.

आरशात एक खोट असते आणि ती आम्ही धंदेवाले आपण होऊन सांगत नाही. कोरडा असेपर्यंत काही नाही. पाणी पडलं की त्यावर पाय निसटतो. त्यावर उपाय सोपा आहे. शेवटच्या हातावर बारीक पांढरी वाळू भुरभुरायची, वरून पुन्हा हलका रोलर फिरवायचा. पाय धरतो. पण वाळू टाकली की आरसा जातो, जमीन मंद दिसते.

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याचं काम गेल्या वर्षी डिसेंबरात आलं. दिलीपभाऊंचा केळीचा व्यापार. नवीन घर, नवीन गाडी यायची होती. घरात त्यांची बायको सुनंदावहिनी आणि वडील, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं. आबांची डावी बाजू दोन वर्षांपूर्वी लकव्याने गेली होती, त्यातून ते अर्धे सावरले होते. डावा पाय ओढत चालायचे. त्यांची खोली पार्किंगच्या मागच्या बाजूला. रोज सकाळी ते अनवाणी, उजव्या हाताने भिंत धरून पार्किंगमधून फाटकापर्यंत जायचे आणि केळीच्या गाड्या जाताना बघत उभे राहायचे. भिंतीवर त्यांच्या हाताची एक तेलकट रेघ पडली होती, दारापासून फाटकापर्यंत. वहिनींनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, डॉक्टर म्हणाले आहेत की आता पडले तर पुन्हा उभे राहणार नाहीत.

आणि त्याच वेळी, म्हणजे आबा चालायच्या जरा आधी, वहिनी पार्किंग धुवायच्या. आमच्याकडे बायका उठल्यावर दारासमोरची जागा धुतात, मग रांगोळी. पूर्वी तिथे मातीचं अंगण असायचं, मग कोबा आला. कोबा ओला असला तरी पायाला धरतो. मी त्यांना म्हणालो, रंग दिल्यावर रोज धुवायची गरज पडणार नाही, पुसून घेतलं तरी चालेल. त्या म्हणाल्या, "न धुता रांगोळी कशी टाकू? लोक काय म्हणतील?"

मी चाचांना बाजूला घेऊन वाळूचं सुचवलं. ते म्हणाले, घर त्यांचं आहे, त्यांना विचार. हे विचारायला मला एक अख्खा दिवस लागला. दिलीपभाऊ फोनवर होते, मग जेवत होते, मग कुणी आलं होतं. शेवटी म्हणालो, की भाऊ, ओलं झालं तर घसरतं, थोडी वाळू टाकली तर बरं. ते हसले आणि म्हणाले, "वाळूच टाकायची तर कोबा काय वाईट होता?" त्यांनी मोबाइलवर चाचांच्याच एका कामाचा फोटो दाखवला, जमिनीत अख्खी गाडी उलटी दिसत होती. हे पाहिजे, म्हणाले. चाचा समोर उभे होते. त्यांचाच फोटो होता, ते काय बोलणार? मीही पुढे काही बोललो नाही. मला दोनदा नाही म्हटलेलं ऐकायची सवय नाही, पहिल्या नकारालाच मी परत फिरतो.

शेवटच्या हाताच्या आदल्या दिवशी आबा खुर्ची टाकून आमचं काम बघत बसले होते. मी काय शिकतो ते त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. बीएस्सी, केमिस्ट्री म्हटल्यावर समाधानाने मान हलवली होती. त्या दिवशी चाचा डबे आणायला टेम्पोकडे गेले तेव्हा त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं.

"बाबू, हे घसरीन का रे?"

मी म्हणालो, "नाही आबा. कंपनीचा माल आहे."

"मंग ठीक हाये," आबा म्हणाले. "तू कालेजात शिकतो. तुले माहीत राहीन."

हे खोटं मी का बोललो याचा मी बराच विचार केला आहे. मालक नको म्हणाला होता, उस्ताद गप्प होते, आणि आपण गिऱ्हाइकाच्या घरात उभं राहून त्याच्या वडिलांना घाबरवायचं हे मला जमलं नाही. दुसरं कारण नाही. निदान मला सापडलेलं नाही.

काम झालं. ट्यूबलाइट लागली. माझ्या तीन वर्षांत चाचांनी दिलेला तो सगळ्यात चांगला आरसा होता. दिलीपभाऊंनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. आम्ही धुळ्याला परत आलो आणि माझ्या प्रॅक्टिकलच्या परीक्षा सुरू झाल्या.

परीक्षेत लक्ष लागेना. दहा-बारा दिवसांनी मी वहिनींना फोन केला आणि रंग कसा आहे, असं विचारलं. एकदम छान, म्हणाल्या. मग आबांचं विचारलं. त्या म्हणाल्या, "चालतात की. फक्त आता भिंतीकडे तोंड करून चालतात, दोन्ही हातांनी धरून." डावा हात त्यांचा नीट चालत नव्हता. म्हणजे ते तो हात भिंतीवर नुसता ठेवत असणार.

पुढच्या रविवारी मी एकटाच एसटीने निघालो. पिशवीत उरलेला पारदर्शक रंग, हार्डनर, पॉलिश पेपर आणि एका डब्यात वाळू. चाचांना सांगितलं नाही. जळगावला गाडी बदलून सावद्याला पोचेपर्यंत दिलीपभाऊंना काय सांगायचं हे मी मनात घोकत होतो. खरं सांगितलं तर ते पुन्हा फोटो दाखवतील एवढं नक्की होतं. म्हणून मी सांगितलं, की भाऊ, भिंतीलगतचा माल जरा कमी पडला होता, आमची चूक आहे, तेवढा पट्टा सुधारून देतो, काही द्यायचं नाही. त्यांनी वाकून पाहिलं. त्यांना काही दिसलं नाही, कारण तिथे काही नव्हतंच. पण कारागीर स्वतः येऊन चूक सांगतो म्हटल्यावर ते म्हणाले, कर बाबा.

आबांच्या दारापासून फाटकापर्यंत भिंतीलगत हातभर रुंदीचा पट्टा मी पॉलिश पेपरने घासून मंद केला. चाचांचा सगळ्यात चांगला आरसा मी माझ्या हाताने घासत होतो. नंतर पारदर्शक रंगाचा हात, त्यावर चाळणीने वाळू, आणि वरून पुन्हा एक हात. दिलीपभाऊंनी संध्याकाळी पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. मी म्हणालो, इथे असंच करावं लागतं, नाहीतर पूर्ण जमीन उखडावी लागली असती. हे तिसरं खोटं.

एक दिवस थांबावंच लागतं म्हणून मी फैजपूरला एका मित्राकडे राहिलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेलो. वहिनींना म्हणालो, जरा पाणी टाका. आबा दारात आले. त्यांनी उजवा पाय आधी पट्ट्यावर ठेवला, तळवा मागे-पुढे घासून पाहिला, मग डावा ओढला. फाटकापर्यंत गेले. एका हाताने.

"तू तं म्हने, घसरत नाही," आबा म्हणाले.

"चुकलं आबा."

"कालेजात बी चुकतात?"

ते हसत होते की नाही हे नीट कळलं नाही, त्यांच्या तोंडाची एक बाजू हलत नाही.

हे इथेच संपलं असतं तर मी ते लिहिलं नसतं. मार्चमध्ये चाचा फैजपूरला एका डॉक्टरांच्या पार्किंगचं काम बघायला गेले. डॉक्टर म्हणाले, सावद्याचं तुमचं काम खराब निघालं म्हणे, पोराला पाठवून ठिगळ लावलं. ते काम चाचांना मिळालं नाही. धुळ्याला आल्यावर त्यांनी मला बोलावलं. चाची भाजी निवडत होत्या, त्या उठून आत गेल्या.

मी सगळं सांगितलं. आबांना काय बोललो तेही. चाचांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. नंतर म्हणाले, "घसरतं म्हणून सांगायचं होतंस. खराब आहे म्हणून का सांगितलंस?"

मी म्हणालो, "घसरतं म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी करू दिलं नसतं."

"सत्तावीस वर्षांत माझं काम खराब आहे असं कुणी म्हटलं नाही. पहिलं तू म्हणालास. आणि तुला माहीत होतं की ते खोटं आहे."

माझ्या मनात एवढंच होतं, की त्या दिवशी दिलीपभाऊंसमोर तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मला खोटं बोलावं लागलं नसतं. ते मी बोललो नाही. मला वाटतं त्यांना ते ऐकू आलं. पुढच्या रविवारी त्यांनी हाक मारली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. गल्लीत समोरासमोर आलो की ते सलामाला मान हलवायचे आणि पुढे जायचे. उन्हाळा तसाच गेला. मी एका दुकानात हिशेब लिहायला लागलो.

सावद्याला फोन करायची हिंमत मला झाली नाही. एकदा कॉलेजच्या सहलीत बस सावद्यावरून गेली. खिडकीतून दिलीपभाऊंच्या घराची गच्ची दिसली, फाटक दिसलं नाही. पट्टा किती दिवस टिकतो ते मला ठाऊक नव्हतं. रोज धुतल्यावर वाळूचे कण हळूहळू निघतात. शिवाय आबा पट्टा सोडून दोन पावलं आत गेले तर तिथे आरसाच होता. मी फक्त हातभर जमीन सुधारली होती, बाकीची तशीच होती. अनोळखी नंबरवरून फोन आला की मला आधी सावदा आठवायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेबाहेर उभा होतो. फोन वाजला, चाचांचा. पाच महिन्यांनी. मी उचलला.

ते म्हणाले, "सावद्याचे आबा पडले."

मी विचारलं, "कुठे?"

"बाथरूममध्ये. नव्या टाइल्स आहेत ना तिकडे. मांडीचं हाड मोडलं, जळगावला दवाखान्यात आहेत. उठतील असं वाटत नाही म्हणे डॉक्टरांना. दिलीपभाऊ विचारत होते, टाइल्सवर आपली वाळू बसते का."

मी भिंतीला टेकलो. मला बरं वाटलं, अगदी स्पष्ट बरं वाटलं. एक म्हातारा माणूस कायमचा बसला होता आणि मला बरं वाटत होतं, कारण तो आमच्या जमिनीवर पडला नव्हता.

मी म्हणालो, "चाचा, मी आधी ते कसे आहेत हे विचारायला हवं होतं."

ते म्हणाले, "दिलीपभाऊंचा फोन आला तेव्हा मीही पहिलं हेच विचारलं. कुठे."